बर्फ असेल का? सातारा ते गुलमर्ग, दोन जावांची हकीकत

मी आणि माझी धाकटी जाऊ स्की शिकायला काश्मीरला जाणार असं आम्ही सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे घसरगुंडीच ना? मग तिकडे कशाला?" पुढचे पाच महिने मला याचं नीट उत्तर सुचलं नाही, आणि मधे एकदा तर आईंचंच बरोबर आहे असं वाटून गेलं होतं.

मी ४७ वर्षांची, साताऱ्यात एका बँकेत. चष्मा आहे, डावा गुडघा कुरकुरतो, खेळ म्हणाल तर शाळेतली लंगडी. जाऊ ३९ ची, माझ्यापेक्षा चपळ आणि माझ्यापेक्षा घाबरट. त्या वर्षी घरात दहावी-बारावी कुणी नव्हतं, त्यामुळे हीच वेळ असं ठरलं. आम्ही जाऊन आलो, हातपाय शाबूत आहेत. ठरवताना मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून तारखा आणि पैशांसकट लिहून ठेवतेय.

सुरुवात सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. आधी उत्तराखंडातलं औली बघितलं. तिथे सरकारी गढवाल मंडळाचे कोर्स असतात, उतारही नवशिक्यांना सोसतील असे आहेत. पण जानेवारी २०२३ मध्ये पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली, तेव्हापासून खालून वर जाणारा रोपवे बंद होता, आणि ऋषिकेशहून रस्त्याने दिवसभराचा प्रवास. माझ्या रजेच्या हिशोबात ते बसेना. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. तिच्या कोर्सच्या तारखांशी आमच्या दोघींच्या रजा काही केल्या जुळेनात. तुमच्या जुळत असतील तर आधी तिकडेच चौकशी करा, कारण राहणं, जेवण, सामान, शिकवणं सगळं एकाच फीत होतं. आम्ही शेवटी हॉटेल वेगळं घेतलं आणि पाच दिवसांसाठी खासगी प्रशिक्षक ठरवला.

तारीख घेतली ६ जानेवारी २०२४. चूक इथे झाली.

एजंट म्हणाला, "मॅडम, जानेवारीत गुलमर्गला बर्फ नाही असं कधी झालंय का?" मला वाटलं, बरोबर आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरचा सगळ्यात कडक हिवाळा. त्यात बर्फ नसेल तर कधी असणार? विमानाची तिकिटं स्वस्तातली घेतली, पुणे ते श्रीनगर दिल्लीमार्गे, येऊन-जाऊन माणशी १७,८००. रद्द केली तर जवळजवळ काहीच परत मिळणार नव्हतं. हॉटेलचे काही पैसे एजंटकडे आगाऊ भरले. त्याने पावती दिली नाही, "मेसेज आहे ना मॅडम" म्हणाला, आणि बँकेत २२ वर्षं काढलेली मी "बरं" म्हणाले. माझ्या साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरपासून तयारी. डॉक्टरांकडे फिटनेसचा दाखला घ्यायला गेले. प्रत्येक ठिकाणी लागतोच असं नाही, पण विमा आणि कोर्सवाले मागू शकतात. त्यांनी बीपी बघितला, मग विचारलं, "जिना चढताना दुखतो की उतरताना?" म्हटलं, उतरताना. ते म्हणाले, "मग मांड्या घट्ट करा, नाहीतर बर्फात रडाल." रोज भिंतीला पाठ टेकून खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. पहिल्या दिवशी २० सेकंदांत पाय थरथरायला लागले. डिसेंबरपर्यंत दीड मिनिट जमायला लागलं. दर रविवारी अजिंक्यतारा, आणि उतरताना मुद्दाम सावकाश. सगळ्या तयारीत याचा सर्वांत जास्त उपयोग झाला आणि याला एक पैसाही लागला नाही.

विम्याचं काम किचकट निघालं. आमच्या नेहमीच्या आरोग्य विम्यात बारीक अक्षरात धाडसी खेळ वगळलेले होते. हेल्पलाइनला दोन वेळा फोन केला, एका वेळी ३५ मिनिटं गाणं ऐकलं, आणि पलीकडच्या मुलीने स्की म्हणजे काय ते मलाच विचारलं. शेवटी प्रवास विम्यात साहसी खेळांचं जादा कलम असलेली पॉलिसी मिळाली, माणशी सहाशेच्या आसपास. अट अशी की प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली आणि ठरवून दिलेल्या उतारावरच. ही अट फोनवर ऐकून सोडू नका, कागदावर शोधा. नंतर ती वेगळ्याच कारणाने माझ्या डोक्यात घोळत राहिली.

डिसेंबर संपत आला तरी गुलमर्गचे फोटो तपकिरी. मी रोज रात्री हवामान बघायची आणि जाऊबाईंना कळू नये म्हणून फोन उलटा ठेवायची. तीही तेच करत होती, हे नंतर कळलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातम्यांतच यायला लागलं, गुलमर्ग कोरडं, वाळक्या गवतावर घोडे उभे. ४ जानेवारीला दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि ठरवलं, जायचं नाही. विमान कंपनीचा बदल आकार आणि भाड्यातला फरक मिळून माणशी ५,४०० गेले. हॉटेलवाला भला निघाला, तारीख पुढे सरकवून दिली. एजंटने मात्र "बघतो, करतो" सुरू केलं.

नवी तारीख मी बँकेच्या कॅलेंडरवरून काढली. शनिवार १७ फेब्रुवारीला निघायचं. १९ ला शिवजयंतीची सुट्टी, २४ चौथा शनिवार, २५ रविवार. म्हणजे फक्त पाच रजा. स्वतःवर खूश झाले. मग कळलं की खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा त्याही बर्फाअभावी पुढे ढकलून नेमक्या २१ ते २५ फेब्रुवारीला गुलमर्गमध्येच ठेवल्यात. आमची खोली आधीच पक्की होती म्हणून वाचलो, पण शेजारच्या खोलीतल्या इंदूरच्या जोडप्याने आमच्या पावणेदोनपट भाडं मोजलं होतं. तारीख ठरवण्याआधी तिथे स्पर्धा वगैरे आहेत का ते बघा.

निघण्याआधीची आणखी एक गोष्ट. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. माझं पोस्टपेड होतं, जावेचं प्रीपेड. ते बदलायला ती निघायच्या आदल्या दिवशी दुकानात गेली तर म्हणाले, दोन-तीन दिवस लागतील. गोंडोलाच्या (म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या) तिकिटाचा, बँकेचा, सगळ्यांचा ओटीपी एकाच फोनवर, म्हणजे माझ्या. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइनच काढावी लागतात, त्यावर नाव असतं आणि ओळखपत्र लागतं. ते काम साताऱ्यात बसूनच उरकलं.

सामानाबद्दल थोडक्यात. जाड जॅकेट आणि पाणी न शिरणारी पँट पुण्यातून आठवड्याच्या भाड्याने घेतली. विकत घेतले ते आतले लोकरी कपडे, हातमोजे आणि चष्म्यावरून बसणारा गॉगल. चष्मेवाल्यांनी या गॉगलवर कंजुषी करू नये, साध्या गॉगलमध्ये दोन काचांच्या मधे वाफ धरते आणि समोरचा माणूस, झाड, उतार सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. मोजे सुती नकोत, आणि एकावर एक दोन तर अजिबात नकोत. जाऊने "पाय गारठतील" म्हणून दोन घातले, चुण्या पडल्या आणि पहिल्याच दिवशी टाचेला फोड. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. गुलमर्गच्या थंडीत दशमी पाटीसारखी झाली. चटणी मात्र टिकली आणि राजमा-भातावर तिने आम्हाला तारलं.

१७ ला पहाटे दोनला साताऱ्याहून निघालो, संध्याकाळी श्रीनगर. पाऊस. जाऊ म्हणाली, "ताई, पाऊसच बघायला आलो का?" ड्रायव्हर हसून म्हणाला, यहाँ बारिश है तो ऊपर बर्फ है. रात्री विजेच्या ब्लँकेटमध्ये घुसलो तरी मी चारदा उठून खिडकी बघितली.

१८ ला सकाळी निघालो. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचे १३ किलोमीटर, तंगमर्गपासून वरचे, खरे. बर्फ पडत असला की तिथून पुढे चाकांना साखळ्या बांधलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडीच जाऊ देतात. आमची गाडी तंगमर्गला थांबली, दुसरी करावी लागली. दोन्ही वेळचं जाणं-येणं धरून टॅक्सीला दोघींत ९,००० गेले. गाडी थांबताच भोवती पंधरा माणसं: गमबूट, कोट, गाइड, स्लेज. "इसके बिना ऊपर नहीं जाने देंगे" असं प्रत्येक जण म्हणतो. तुमच्याकडे बूट आणि जॅकेट असेल तर काही घ्यायची गरज नाही. हसून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं. त्यांचा अख्खा जानेवारी कोरडा गेला होता, हेही मनात होतं, म्हणून रागावता येत नव्हतं.

मग वळणामागून वळण, देवदारांवर बर्फ, साखळ्यांचा खळ्ळ-खळ्ळ आवाज. केळघर घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी इथेही लिंबू जवळ ठेवावं. गुलमर्गला उतरलो आणि पाय घोट्यापर्यंत आत. दोघी काही बोललो नाही. गेले दीड महिने फोनवर जे शोधत होतो ते जॅकेटच्या बाहीवर पडत होतं.

गुलमर्गची उंची साधारण २,६५० मीटर, महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. पहिल्या रात्री डोकं दुखलं, झोप तुटक. तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाही, आणि तिथेच चुकतं. आल्या दिवशी स्कीला हात न लावता नुसतं हळूहळू फिरलो, ते बरं केलं.

१९ पासून पाच दिवस शिकलो. प्रशिक्षक तंगमर्गकडचा, पंचविशीतला. आम्हा दोघींत रोजचे २,५००. स्की, बूट आणि काठ्यांचं भाडं माणशी रोज १,०००. हे दर बर्फावर आणि गर्दीवर वरखाली होतात, त्यामुळे आधी फोनवर ठरवून लेखी मेसेज घ्या (हे मी आता सांगतेय).

स्कीचा बूट ही काय चीज आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. प्लास्टिकचा, कडक, चार बकलांचा, नडगीच्या वरपर्यंत. पहिल्यांदा घालायला मला अकरा मिनिटं लागली. दुकानातल्या पोराने एक साईज मोठा पुढे केला, "आराम मिलेगा" म्हणून. प्रशिक्षकाने तो काढायला लावला. बूट सैल असला तर पाय आत वळतो आणि स्की सरळच जाते. उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम लागावा, गुडघे वाकवले की सुटावा, टाच उचलली जाऊ नये, आणि नडगी बुटाच्या जिभेला टेकून राहावी. खालची बकलं हलकी, वरची घट्ट. चढवण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडायचा, मग पुढचा भाग खाचेत सरकवून टाचेने जोर द्यायचा. "खट्" आवाज आला की झालं. बर्फ राहिला तर कितीही नाचा, खट् होत नाही. तुमचं वजन खरं सांगा, कारण पडल्यावर बूट किती जोराला सुटावा याचा स्क्रू त्यावरून फिरवतात. जाऊने सहा किलो कमी सांगितलं. मी तिथेच खरा आकडा सांगितला, त्यावरून अर्धा दिवस अबोला.

पहिला दिवस फक्त चालणं, आडवं चढणं आणि पडणं. पडायचं बाजूला, मागे नाही. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करून घ्यायच्या, नाहीतर उठलं की पुन्हा निघालं. मी पहिल्या दिवशी १७ वेळा पडले, जाऊने मोजलं. तिचे मी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उलटा व्ही: पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे नांगर धरल्यासारखं. ब्रेक तोच. समजायला पाच मिनिटं, अंगात उतरायला दोन दिवस. वेग वाढला की माणूस आपसूक मागे रेलतो, आपण एरवी घसरताना तसंच करतो. प्रशिक्षक ओरडायचा, "दीदी, पीछे बैठोगे तो स्की भागेगी! आगे! घुटना आगे!" पुढे उतार दिसतोय आणि हा म्हणतोय त्याच्याकडेच झुका. सगळी भीती या एका वाक्यात होती. तिसऱ्या दिवशी, २१ ला दुपारी, मी एकदा खरंच झुकले. स्की भागली नाही. डावीकडे वजन टाकलं तर उजवीकडे वळली, तेही माझ्या मर्जीने. दहा-बारा मीटर असेल. मग पडलेच, पण ते वेगळं पडणं होतं.

वर ओढून नेणाऱ्या लिफ्टला ताटलीएवढी तबकडी असते, ती पायांच्या मधे घ्यायची. तिच्यावर बसायचं नाही, ती ओढते तसं उभं राहायचं. "बसू नका" असं तीनदा सांगूनही जाऊ बसली, सपाट झाली, आणि मागून येणारे महाराष्ट्राची शान बघत थांबले.

२२ तारखेला आम्ही नेहमीच्या उतारावर होतो. दुपारी प्रशिक्षक फोनवर बोलता बोलता गप्प झाला. मग दुसरा फोन, तिसरा. वर खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालं होतं, परदेशी स्कीअर अडकले होते. त्यातल्या एका रशियन माणसाचा मृत्यू झाला, हे संध्याकाळी कळलं. ते ठरलेल्या उताराबाहेरच्या ताज्या बर्फात गेले होते. जगभरातून लोक गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर त्यासाठीच येतात. आम्ही शिकत होतो ती खालची बशीसारखी जागा, तिथे तसं भय नव्हतं. पण त्या दिवशी पुढे कुणालाच शिकायचं नव्हतं, शिकवायचंही नव्हतं. विम्यातल्या "ठरवून दिलेल्या उतारावर" या शब्दांचा अर्थ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला म्हणायचा. उताराबाहेर जायचं असेल तर स्थानिक गाइड, त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा, आणि बर्फाखाली शोध लागावा म्हणून अंगावर संदेश देणारं यंत्र, फावडं, शोधकाठी. नवशिक्याने त्या वाटेला जायचंच नाही.

इकडे साताऱ्यात टीव्हीवर "गुलमर्गमध्ये हिमस्खलन" अशी पट्टी. जावेचं सिम बंद, आणि माझा फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात थंडीने मेलेला. बॅटरी सकाळी ८० टक्के होती. हॉटेलवर येऊन चार्जिंगला लावला तर १४ मिस्ड कॉल, त्यातले नऊ आईंच्या नंबरवरून. लावला. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "जेवलात का?" आणि मग भाऊजींच्या हातात फोन दिला. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि घरी हॉटेलचा लँडलाइन नंबर लिहून द्या, आम्ही दिला नव्हता.

२३ ला पुन्हा गेलो. आदल्या रात्री जाऊ "नको" म्हणत होती, सकाळी तीच आधी तयार. शेवटच्या फेरीत वरपासून खालपर्यंत मी दोनदा पडले, ती एकदा. गोंडोलाने पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीला, साधारण ३,१०० मीटरवर जाऊन आलो, स्कीशिवाय, नुसतं बघायला. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे त्या वेळी बंद होता. त्याची तिकिटं शक्यतो पहिल्या दिवसांतली काढा, म्हणजे बंद पडला तर हाताशी दिवस उरतो.

बायकांसाठी एक सूचना, कारण पुरुषांच्या लेखात ती सापडणार नाही: खांद्याला पट्टे असलेली स्कीची पँट घेऊ नका. चार थर, वर जॅकेट, आणि बाथरूम लांब.

२४ ला श्रीनगर, २५ ला विमान. तिथल्या विमानतळावर इमारतीच्या बरंच आधी एका फाटकावर सगळं सामान उतरवून तपासतात, मग आत परत तपासणी. तीन तास आधी पोचलो आणि ते सगळे तास लागले. बर्फाच्या दिवसांत विमानं रद्द होतात, म्हणून परतीला एक मोकळा दिवस ठेवला होता. तो श्रीनगरात कहवा पिण्यात गेला.

खर्च माणशी ७७ हजारांच्या आसपास: विमान २३,२००, गुलमर्गच्या सहा रात्री नाश्ता-जेवणासह १९,५००, शिकणं आणि सामान ११,२५०, बाकी कपडे, टॅक्सी, लिफ्ट, श्रीनगरच्या दोन रात्री आणि किरकोळ. तारीख चुकली नसती तर पाच-साडेपाच हजार वाचले असते.

सोमवारी २६ ला कामावर हजर. दोन्ही नडग्या वांग्याच्या रंगाच्या, काउंटरखाली कुणाला दिसत नव्हत्या. भाड्याचे कपडे पुण्याला परत केले, एक वस्तू कमी भरली, तिचे ३०० कापले. एजंटकडच्या आगाऊ रकमेतले ४,००० अजून यायचेत. मी दर महिन्याच्या पाच तारखेला मेसेज करते, तो हात जोडल्याचं चित्र पाठवतो.